मालक कोण ठरविला?



इ. स. १८४० सालीं न्यूझीलंडमध्यें वाइटांगी येथें इंग्रज सरकारनें माओरी सरदारांशीं तह केला. त्यांत एक कलम असें होतें कीं, माओरींना जमीन विकावयाची झाल्यास ती प्रथम सरकारास देऊं करावी. गिऱ्हाईक एकच उरलें म्हणजे भाव कोण ठरवितो, हें निराळें सांगावयास नको. १८४८ सालीं दक्षिण बेटांतील सुमारें दोन कोटि एकर भूमि सरकारनें अवघ्या दोन हजार पौंडांस घेतली. विकणाऱ्यांसाठीं पुरेशी जमीन राखून ठेवूं, हें वचन मात्र पाळलें गेलें नाहीं.

गोंदियाच्या मुलखांत, म्हणजे १९९९ पर्यंतच्या भंडारा जिल्ह्याच्या पूर्वभागांत, सरकारला अशी खरेदी करावी लागली नाहीं. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला आणि जमाबंदीचे अंमलदार साखळ्या व नकाशे घेऊन गांवोगांव हिंडूं लागले. भोसल्यांच्या अमलांत पाटील म्हणजे गांवचा वसूल जमवून सरकारांत भरणारा इसम. गांवची भूमि त्याची नव्हे. परंतु प्रत्येक जमिनीस एक धनी असलाच पाहिजे, ही इंग्रजांची समजूत. त्यांनीं त्या वसूल जमविणाऱ्यासच मालगुजार म्हणून मालक ठरविलें! कांहीं जमीनदाऱ्या गोंडांकडे राहिल्या हें खरें. पण रान तोडून शेत काढणारा सामान्य गोंड स्वतःच्याच शेतांत कूळ झाला. माओरींना निदान दोन हजार पौंड तरी दिसले.

या मुलखांत हक्काची कल्पना पूर्वीं निराळी होती. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलांत जो तलाव बांधील, त्यास त्या पाण्याखालची जमीन मिळे. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यानें बांधल्याची कथा लोक आजही सांगतात. कोहळ्यांनीं पाणी अडविलें, धानाचीं बांधोड्या शेतें उभीं केलीं; ढिवरांनीं त्यांत मासे धरले. एकाच पाण्यावर अनेकांचे निरनिराळे हक्क होते आणि ते कागदावांचून चालत. जमाबंदींत यांपैकीं कांहीं हक्क ‘निस्तार’ या नांवाखालीं वाजिब-उल-अर्जांत उतरले. उरलेले, लिहिणाऱ्याच्या दौतींत शाई नव्हती म्हणून कीं काय, बाहेरच राहिले.

१८६५ हें साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या सालच्या कायद्यानें माओरींच्या सामायिक जमिनीचे तुकडे करून एकेकाच्या नांवें पट्टे देणारें न्यायालय उभें राहिलें. आणि त्याच सालीं हिंदुस्थानांत पहिला जंगल कायदा झाला. १८७८ च्या कायद्यानें ती पकड आणखी आवळली. मोह, चारोळी, लाख, डिंक यांवर पावसाळा काढणारा माणूस आपल्याच रानांत परवान्याचा उमेदवार झाला. सारा रोखीनें व ठरल्या तारखेस भरावयाचा, घरांत तर धान्य. मधली वाट सावकाराच्या ओसरीवरून जात होती.

१९१६ सालीं प्रांताच्या सरकारनें कायदा केला कीं, आदिवासी मालकाची जमीन डेप्युटी कमिशनरच्या मंजुरीवांचून इतरांस कायमची देतां येऊं नये. बैल गेला अन् झोपा केला! कायदा मालकांपुरता, आणि बहुसंख्य गोंड तोंवर कुळेंच होतीं. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांनीं सरकारच्या आज्ञेवरून आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. तिचा अहवाल १९४४ सालीं छापून निघाला आणि दुखणें सरकारी कागदावर आलें. पुढें १९५१ सालीं मालगुजारी संपली, तेव्हां तलाव व रानें सरकारजमा झालीं. गांवाला मिळाला तो नवा मालक.

वनहक्कांच्या २००६ च्या कायद्यानें मात्र कांहीं फरक पडला आहे. जिल्ह्यांतील कित्येक ग्रामसभांना रानावर सामूहिक हक्क मिळाले असून तेंदूपानांचा लिलाव गांवकरी स्वतः करूं लागले आहेत. शेतांची गोष्ट निराळी. आदिवासींना जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा. तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ एवढ्याच काळांतील हस्तांतरें पाहतो. न्यूझीलंडमध्यें १९७५ सालीं स्थापिलेल्या वाइटांगी न्यायाधिकरणास १९८५ सालीं थेट १८४० पर्यंत मागें जाण्याचा अधिकार देण्यांत आला, आणि १८४८ च्या त्या खरेदीबद्दल १९९८ सालीं सरकारनें न्गाई ताहू लोकांची माफी मागून सतरा कोटि डॉलर दिले. आमच्या जमाबंदीचीं दप्तरें अजून अभिलेखागारांत आहेत. तीं या दृष्टीनें उघडण्याचा अधिकार कोणत्याही न्यायासनास दिलेला नाहीं.