मेळघाट सोलो, भाग २ : इयरफोन काढ, मोह पडतोय

मागच्या भागात तीन दिवस झाले, आज शेवटचे दोन.

मार्चअखेर. चिखलदऱ्याजवळच्या गावात एका कोरकू घरी मुक्काम. प्लॅन असा, की पहाटे साडेचारला एकट्यानेच निघायचं, कच्च्या रस्त्याने पुढचं गाव, कानात इयरफोन. घरातल्या आजी म्हणाल्या, "इतक्या अंधारात नको जाऊ बापू. मोह पडून राह्यला."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायला माणसं जातात, तशी अस्वलंही येतात. खाण्यात गुंग असलं, की अस्वलाला आपण आल्याचं कळत नाही. अचानक समोर दिसलो, की घाबरून अंगावर येतं. पळून उपयोग नाही, ते आपल्याहून जोरात पळतं. झाडावरही चढतं. म्हणून आवाज करत जायचं, शक्यतो सोबतीने.

आणि मी कानच बंद करून निघालो होतो!

खरं सांगू? रागच आला. काळाचौकीत चाळीच्या एका खोलीत पाचजणांत वाढलोय. एकट्याने चालणं हीच तर चैन होती. पण थांबलो. उजाडल्यावर टोपल्या घेऊन निघालेल्या बायांच्या मागे चालू लागलो. वाटेत एक वारूळ उकरलेलं, माती ताजी. वाळवी खायला अस्वल येऊन गेलेलं. बाया फक्त जरा मोठ्याने बोलायला लागल्या. मीही बोलायला लागलो.

अस्वल दिसलं नाही. शेवटच्या दिवशीही उजाडल्यावरच निघालो, गाणी मोठ्याने म्हणत, बेसूर.

सोलो जा, जरूर जा. फक्त निघायच्या आधी गावात विचारा, सध्या झाडाखाली काय पडतंय? भेटूया!