पुस्तक कुठल्या कप्प्यात ठेवायचं?



मी कविता लिहितो. माझा पहिला संग्रह 1999 साली निघाला. प्रकाशन समारंभ एका वाचनालयाच्या सभागृहात झाला. 60 खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांतल्या 22 भरल्या. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले आणि पाऊण तास बोलले. बोलले छान, फक्त माझ्या पुस्तकावर बोलले नाहीत. पुस्तकाभोवतीची फीत सोडली, टाळ्या झाल्या, चहा झाला आणि 500 पैकी सव्वातीनशे प्रती माझ्या पलंगाखाली गेल्या. पावसाळा संपला की अम्मी अजूनही त्या बाहेर काढते आणि गच्चीवर ऊन देते. शेजारणी विचारतात, यंदा पापड लवकर घातले का?

त्यामुळे 2024 च्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला, “मामू, माझं पुस्तक येतंय, प्रकाशनाला तुम्ही पाहिजेत,” तेव्हा मला आधी तिच्या घरातल्या पलंगांची उंची आठवली.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. चित्रकला शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी. तिचं पुस्तक म्हणजे ग्राफिक नॉव्हेल. सोप्या शब्दांत सांगायचं तर चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली लांबलचक कथा. आपण ‘चांदोबा’ वाचला, अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ वाचली. मला वाटलं, तसंच काहीतरी असेल. ती म्हणाली, “मामू, चित्रं आहेत म्हणून ते मुलांचंच असतं असं नाही.”

तिने मला विल आयस्नर या अमेरिकन चित्रकाराची गोष्ट सांगितली. त्यांची सोळा वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने 1970 साली गेली. ते दुःख त्यांनी ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ या पुस्तकात काढलं. ते 1978 मध्ये निघालं. प्रकाशकाला फोन करताना ‘कॉमिक’ म्हटलं तर तो फोन ठेवून देईल, या भीतीने त्यांच्या तोंडून ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द गेला. शब्द त्यांच्याही आधी कुणी कुणी वापरला होता, पण रुळला तो या पुस्तकापासून. आणि तरी त्या बड्या प्रकाशकाने पुस्तक नाकारलंच. पुढे छोट्या प्रकाशकाने ते छापलं. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ते आधी दर्शनी टेबलावर होतं. मग नावात देव आहे म्हणून धार्मिक पुस्तकांत गेलं. तिथे कुणी तक्रार केली, तेव्हा विनोदी पुस्तकांत गेलं. तिथेही तक्रार झाली. शेवटी ते तळघरातल्या खोक्यात पोचलं. ही हकिगत आयस्नर स्वतःच सांगत असत. मी ती ऐकून पोटभर हसलो. पुढे आमच्यावरही तीच वेळ येणार होती.

आता भाचीच्या पुस्तकाविषयी. आम्ही मिरजेचे. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनतात हे तुम्ही जाणताच. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, 1937 साली गेल्यावर त्यांचं दफनही इथल्या ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले. माझे अब्बा सतारमेकर गल्लीत दुसऱ्यांच्या दुकानात कारागीर होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मोठमोठे भोपळे यायचे. ते कापायचे, भिजवायचे, आतून साफ करायचे, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची, मग नक्षी, मग पॉलिश आणि शेवटी जवारी. म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका बेताने घासायचा की तार तिच्यावर टेकून गुणगुणायला लागली पाहिजे. एक कानस जास्त पडली की दिवस वाया. अब्बा 2011 मध्ये गेले. भाचीने हे सगळं 112 पानांत काढलं, निव्वळ काळ्या शाईत.

जवारीचं पान तिने मला आधी दाखवलं. नऊ चौकटी. आठ चौकटींत अब्बांचे हात, कानस, तार, कान. नववी चौकट कोरी. मी म्हटलं, “छपाईत राहिली का?” ती म्हणाली, “नाही मामू, तिथे सूर लागलाय.”

तिने तीन प्रकाशकांकडे पुस्तक पाठवलं. एकाने लहान मुलांसाठी करून द्या म्हटलं, एकाने उत्तर दिलं नाही, एकाने विचारलं, मराठीत हे घेणार कोण? तिच्या खोलीत मर्जान सत्रापी या इराणी चित्रकर्तीचं ‘पर्सेपोलिस’ होतं. त्याचा पहिला भाग 2000 साली पॅरिसच्या ‘लासोसियासिओं’ या छोट्या संस्थेने छापला होता, आणि ती संस्था 1990 मध्ये चित्रकारांनीच एकत्र येऊन उभी केली होती. तेही पुस्तक काळंपांढरं. भाचीने ठरवलं, आपणच छापायचं. 500 प्रती, 7 फॉर्म, खर्च 72 हजार. निम्मे तिच्या पगारातले. उरलेले आपाने, म्हणजे माझ्या बहिणीने, भिशी उचलून दिले. भिशीचे पैसे गच्चीच्या पत्र्यांसाठी ठरले होते. तेव्हा ही केवळ हौस राहिली नाही. पुस्तक खपलं नाही तर पुढच्या पावसात घर गळणार होतं.

छापखान्यात मी तिच्याबरोबर गेलो आणि पंचवीस वर्षं पुस्तकं छापूनही मला काही माहीत नव्हतं हे कळलं. कवितेच्या पुस्तकाला नुसती डिंकाची बांधणी चालते. इथे एक चित्र दोन पानांवर पसरलेलं. डिंकाच्या बांधणीत मधला भाग शिवणीत गडप होतो. म्हणून दोऱ्याने शिवून घ्यावं लागलं, खर्च वाढला. दुसरी अडचण आपल्या लिपीची. इंग्रजी अक्षर चौकटीत आडवं बसतं. आपल्या अक्षराला वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर बसतो. संवादाचे फुगे मोठे करावे लागतात आणि चित्राला जागा उरत नाही. तिने सगळी अक्षरं हाताने लिहिली आणि निम्मे संवाद कापले. कवी असून मी इतक्या निर्दयपणे शब्द कधी कापले नव्हते.

मग ते पान आलं. पान 61.

1988 साल. मी 18 वर्षांचा. अब्बा पाटावर बसून माझ्यासमोर पटाशी धरतात. माझ्या हातात बी.ए.च्या प्रवेशाचा अर्ज. पुढच्या चौकटीत पटाशी तशीच धरलेली, माझा हात खिशात. पुढच्या चौकटीत मी नाही, नुसती दाराची चौकट. पानावर एकही शब्द नाही. आणि खरंच, त्या दिवशी आम्ही दोघे काही बोललो नव्हतो. आपा तेव्हा मागच्या खोलीत होती. तिनेच मुलीला सांगितलं असणार.

श्रोतेहो, मी तीस वर्षं कविता लिहिल्या. नदीवर लिहिल्या, दंगलीवर लिहिल्या, प्रेमावर तर लिहिल्याच. अब्बांवर एकही लिहिली नाही. मी पान मिटलं. भाचीने विचारलं, “मामू, हे काढून टाकू का? अजून छपाई सुरू व्हायचीय.” खरं सांगतो, माझ्या तोंडावर ‘हो’ आलं होतं. मी म्हटलं, “उद्या सांगतो.” रात्रभर झोप नाही. सकाळी फोन केला, “राहू दे.” ती म्हणाली, “मग प्रकाशनाला हेच पान तुम्ही दाखवायचं.”

डिसेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी प्रकाशन झालं. सभागृह नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. अब्बा ज्या दुकानात काम करायचे, तिथल्या मालकांनी एक संध्याकाळ जागा दिली. भाचीने 12 पानं मोठी छापून आणली आणि दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधून चिमट्यांनी लटकवली. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. ते चित्रांची पोथी घेऊन एकेक चित्र समोर धरतात आणि कथा गातात. भाची म्हणाली, आपल्याकडे हे नवीन नाही, फक्त आपण विसरलोय. तिने छडी घेतली, एकेक पान दाखवलं. संवाद आम्ही वाचले. अब्बांचे संवाद त्यांच्याच बरोबरीच्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी वाचले. जवारीच्या कोऱ्या चौकटीशी ती थांबली आणि कोपऱ्यात कुणीतरी तानपुऱ्याची तार छेडली. 35 माणसं होती. गल्लीतल्या बायका दारात उभ्या.

61 व्या पानाशी मी उभा राहिलो. वाचायला शब्द नव्हते. छडी एका चौकटीवरून दुसरीवर नेली, तिसरीवर नेली आणि खाली बसलो. कुणी टाळी वाजवली नाही. ते बरं झालं.

त्या संध्याकाळी 43 प्रती गेल्या. एक प्रत भाचीने नानीच्या, म्हणजे माझ्या अम्मीच्या हातात दिली. अम्मीला मराठी वाचता येत नाही, उर्दू येतं. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं. तिने सवयीने पुस्तक मागच्या बाजूने उघडलं आणि एकेक पान बघत निघाली. पुस्तक संपतं ते दुकानाच्या बंद दारावर. त्याआधी अब्बा एकटे तानपुरा पुरा करतात, त्याआधी पान 61, आणि अगदी सुरुवातीला चार वर्षांचा मी, भोपळ्याच्या भुशात अब्बांच्या मांडीला टेकून बसलेला. अम्मीने मात्र बंद दारापासून सुरुवात केली. दार उघडलं. अब्बा एकटे बसलेले. मग दारातून मी आलो, हातात कागद घेऊन. पानं उलटत ती शेवटाला पोचली, माझ्याकडे बघून म्हणाली, “आखिर में तू आके बैठताय ना उनके बाजू में.”

भाचीने तिला सांगितलं नाही की पुस्तक उलटं वाचलंय. मीही सांगितलं नाही.

पण प्रकाशन म्हणजे शेवट नव्हे, खरी पायपीट पुढेच. दुकानदाराला 40 टक्क्यांच्या आसपास कमिशन द्यावं लागतं, आणि पैसे विक्री झाल्यावर, कधी त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी. एका दुकानात आमचं पुस्तक रंगवायच्या वह्यांशेजारी सापडलं. दुसऱ्या दुकानात ते संगीताच्या कप्प्यात, स्वरलिपीच्या पुस्तकांत. मला आयस्नर आठवले. तिसऱ्या दुकानदाराने सरळ विचारलं, “काका, हे ठेवू कुठं?” भाची म्हणाली, “गल्ल्याजवळ ठेवा आणि 40 वं पान उघडं ठेवा.” 40 वं पान म्हणजे जवारीचं. तिथून महिन्यात 11 प्रती गेल्या.

ती दर तीन दिवसांनी इन्स्टाग्रामवर एक चौकट टाकायची. त्यातून पुण्या-मुंबईतून मागण्या आल्या, एक दुबईहून आली. मिरजेतून गेलेल्या कुटुंबातली बाई होती. तिने पाच प्रती मागवल्या. मला मोबाइलचं काही जमत नाही. मी पिशवीत दोन प्रती घालून फिरलो. संगीताच्या क्लासात गेलो, दोन महाविद्यालयांत गेलो, उरुसातल्या संगीत सभेच्या मांडवाबाहेर उभा राहिलो. एक गोष्ट शिकलो. “घ्या” म्हटलं की माणूस मागे सरतो. “हे एक पान बघा” म्हटलं की थांबतो. स्वतःच्या कवितांसाठी मी हे कधी केलं नाही. लाज वाटायची. भाचीच्या पुस्तकासाठी वाटली नाही.

आठ महिन्यांत 410 प्रती गेल्या. काही दुकानांतले पैसे अजून यायचेत, पण आपाची भिशी फिटली आणि गच्चीवर पत्रे आले, एक पावसाळा उशिराने. फायदा म्हणाल तर नाही. भाचीला मी एकच सांगितलं, मूळ चित्रं जपून ठेव. ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ नर्मदा खोऱ्यातल्या माणसांवर होतं. भारतातल्या पहिल्या ग्राफिक कादंबऱ्यांत त्याचं नाव घेतात. ते 1994 साली ‘कल्पवृक्ष’ने काढलं, प्रती संपल्या आणि ते पुन्हा छापलं गेलं थेट 2022 साली. 28 वर्षांनी. पहिलं पुस्तक कधी कधी आपल्या वाचकाची वाट बघत बसतं.

श्रोतेहो, तुमच्या ओळखीच्या कुणाचं पहिलं पुस्तक आलं तर हारतुरे राहू द्या. भेट म्हणून प्रत मागू नका, किंमत देऊन घ्या, वाचा आणि आणखी एकाच माणसाला सांगा. एवढं पुष्कळ होतं.

माझ्या पिशवीत अजून दोन प्रती असतात. परवा एसटीत शेजारच्या मुलाला पान 61 दाखवलं. त्याने बराच वेळ बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, “काका, हे तुम्ही का?”

मी म्हटलं, “होय.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)