खोट्या कळा आणि माझा चुकलेला हिशोब



मी डॉक्टर नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. संयोजकांनी मला मुली आणि तंत्रज्ञान यावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी माझ्या पोटातल्या कळांवर बोलते. ते जरा गडबडले. मागे बसलेली मुलंही आता गडबडलेली दिसतायत. बसा, यात तुमचंही काम आहे.

2024च्या रमजानमध्ये मला 35वा आठवडा चालू होता. पहिलं बाळंतपण, म्हणून सोलापूरला माहेरी आले होते. मार्चचं ऊन. गरोदर बाईला स्वतःची किंवा बाळाची काळजी वाटत असेल तर रोजा न धरण्याची मुभा आहे, हे मला ठाऊक होतं. अम्मीनेही बजावलं होतं. पण घरातले सगळे रोजेदार आणि दुपारी आपण एकटीच पाणी पितोय, याची मला उगाच लाज वाटायची. म्हणून तीन रोजे धरले. तिसऱ्या दिवशी असरच्या सुमाराला पोट दगडासारखं कडक झालं, मिनिटभराने सैल पडलं, पुन्हा कडक. इफ्तारनंतरही थांबेना, तेव्हा रात्री अकराला दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासलं. गर्भाशयाचं तोंड बंद होतं. बाळाचे ठोके ऐकले, लघवी तपासली, भरपूर पाणी प्यायला लावलं, डाव्या कुशीवर झोपवलं. तासाभरात सगळं शांत. ‘खोट्या कळा आहेत, घरी जा, आणि रोजे बंद.’ इथपर्यंत ठीक होतं. पण निघताना ड्युटीवरच्या बाई हसून म्हणाल्या, ‘शिकलेल्या मुलीच जास्त घाबरतात.’ ते हसणं मला पुढे महागात पडलं.

मुळात ‘खोट्या’ हा शब्दच मला पटत नाही. दुखतं ते खरंच दुखतं. गर्भाशय हा स्नायू आहे, तो आकसतो आणि सैल होतो. 1872 साली जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने याचं वर्णन केलं म्हणून पुस्तकात त्याचं नाव. (आपल्या दायांना त्याआधी हे माहीत नव्हतं, असं मात्र समजू नका.) फरक इतकाच, की या कळांनी गर्भाशयाचं तोंड उघडत जात नाही. बाळंतकळा ते 10 सेंटिमीटरपर्यंत उघडतात. अंगात पाणी कमी पडलं, लघवी तुंबवून ठेवली, दिवसभर उभ्याने काम केलं, की या कळा जास्त येतात.

त्यानंतर माझा धाकटा भाऊ, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, वही घेऊन माझ्याजवळ बसायला लागला. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत किती मिनिटं, आणि कळ टिकली किती सेकंद, एवढंच लिहायचं. खोट्या कळांचा आकडा कुठेच बसत नाही: 12 मिनिटं, मग 7, मग 20. लघवीला जाऊन आलं, दोन ग्लास पाणी प्यायलं, कूस बदलली, चार पावलं चाललं किंवा कोमट पाण्याने अंघोळ केली की त्या बहुतेक वेळा ओसरतात. बाळंतकळांचं अंतर मात्र कमी होत जातं, जोर वाढतो, चालून थांबत नाहीत, पुष्कळदा कंबरेतून पुढे येतात, आणि ऐन कळेत बाईला बोलता येत नाही. साधारण दर 5 मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर आल्या की पहिलटकरणीने निघावं. दवाखाना लांब असेल किंवा आधी एक बाळंतपण झालं असेल तर इतकी वाट बघू नका. 108 किंवा 102 फिरवा, गाडी फुकट येते.

हा हिशोब मला तोंडपाठ होता. तरी चुकले. कारण तो फक्त कळांचा आहे, आणि तोही 37 आठवडे भरल्यानंतरचा.

38व्या आठवड्यात एका सकाळी कपडे ओले झाले. थोडेसेच. वाटलं, लघवी सुटली असेल. वहीत आकडे 15, 22, 18. म्हणजे खोट्या. पुन्हा जायचं, पुन्हा कोणी हसायचं? अम्मीला बोलले नाही. भावाला तर काय सांगणार, तो बिचारा फक्त घड्याळ बघत होता. संध्याकाळी नवऱ्याचा पुण्याहून फोन आला. सहज म्हणाले, सकाळपासून कपडे बदलतेय. त्याने विचारलं, ‘किती वेळा?’ मी म्हटलं, ‘चार.’ तो म्हणाला, ‘फोन ठेव आणि आत्ताच्या आत्ता निघ.’ दवाखान्याच्या फाइलच्या मागे धोक्याच्या खुणा छापलेल्या होत्या. त्याने त्या वाचल्या होत्या, मी नव्हत्या.

बाळाभोवतीचं पाणी फुटून बारा तास होत आले होते. जितका उशीर तितका जंतुसंसर्गाचा धोका. अँटिबायोटिक दिली, कळा येण्यासाठी सलाईनमधून औषध सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोन दिवस तिला देखरेखीखाली ठेवलं होतं. त्या दोन रात्री मी झोपले नाही. आता ती माझ्या लॅपटॉपची बटणं उपटते.

तेव्हा वही ठेवा, पण या गोष्टींसाठी वही उघडत बसू नका: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, अगदी थेंबथेंब असलं तरी, बाळाची हालचाल कमी वाटणं, 37 आठवड्यांआधी ठरावीक अंतराने कळा येणं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर दिसणं. पोट दुखत नसलं तरी निघायचं. तपासून घरी पाठवलं तर घरी यायचं, आणि पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा जायचं.

भावाची ती वही मी आणली आहे. टेबलावर ठेवते, ज्यांना बघायची त्यांनी बघा. डॉक्टर मॅडम इथेच बसल्या आहेत, बाकीचं त्यांना विचारा. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.