विलास घोगरे कुणाचा?

(मुलुंडला मित्रांनी भरवलेल्या स्मरणसभेतलं भाषण)



मघापासून विलासच्या दोस्तांना ऐकतोय. कुणी त्याचा आवाज सांगितला, कुणी त्याचा राग, कुणी त्याचं हसणं. ऐकताना माणूस समोर येऊन बसल्यासारखा वाटला. पण बोलता बोलता जो तो शेवटी एकाच दिवसापाशी येऊन थांबतो – १५ जुलै १९९७. माझी तक्रार आहे ती हीच. जन्मभर गायलेल्या माणसाला आपण त्याच्या मरणावरूनच का ओळखायचं?

तारखा विसरा असं मी म्हणत नाही. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं मारली. म्हणे हे लोक गॅसचे टँकर पेटवणार होते! गुंडेवार आयोग बसला, त्यानं पोलिसांवर ठपका ठेवला. २००९ साली कोर्टानं मनोहर कदम या फौजदाराला जन्मठेप दिली. आणि वरच्या कोर्टात त्याला जामीन मिळाला. झाला न्याय!

गोळीबारानंतर चार दिवसांनी विलासनं इथं मुलुंडला आपल्या झोपडीत जीव दिला. डोक्याला निळं फडकं बांधून. त्या फडक्यावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. एक म्हणतो, तो लाल होता, आव्हान नाट्य मंचात संभाजी भगतबरोबर गायला, क्रांतीचा शाहीर होता. दुसरा म्हणतो, शेवटी घरीच आला ना, निळ्याखाली आला! आजही या मांडवात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेत, मला इथून दिसताहेत.

अरे, मेलेल्या माणसाची वाटणी कसली करता? शेवटी शेवटी तो संघटनेबाहेर होता, एकटा पडला होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. लाल म्हणवणाऱ्यांना जातीचं दुखणं उशिरा कळलं, हे खरंच आहे. पण निळे म्हणवणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना विलासच्या झोपडीची वाट तरी कधी सापडली होती? तो जिवंत असताना? ७४ साली पँथर फुटली तीसुद्धा मार्क्स की बुद्ध या वादात. तेव्हापासून आपण तेच दळण दळतोय.

घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे राहिले. लाल बावटा कलापथकाचा हा शाहीर. कम्युनिस्ट. आणि 'फकिरा' त्यानं अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. त्याला कुणी विचारलं नाही, की बाबा तुझा रंग कोणता. या रेल्वे लाइनीवरच्या झोपडीत राहणाऱ्याला दोन्ही रंग लागतातच. पोट एक सांगतं, जात दुसरं सांगते, आणि माणूस एकच असतो. विलासनं डोक्याला निळं बांधलं म्हणून त्याची मजुरांची गाणी खोटी झाली काय?

ती गाणी ऐका ना एकदा. आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' १९८५ चा. मुंबईत झोपड्या तोडण्याची मोहीम चालू होती, फूटपाथवरच्या माणसांचा खटला सुप्रीम कोर्टात होता, त्या दिवसांतला. त्यात विलास गातो. मजुराची कहाणी, आणि ती हिंदीत. मला हे फार मोठं वाटतं. मराठी शाहिरानं हिंदी का धरली? कारण बुलडोझर येतो तेव्हा मराठवाड्याची म्हातारी आणि युपीचा भय्या एकाच ओळीत भांडीकुंडी गोळा करत असतात. त्या दोघांना कळेल असं गाणं पाहिजे होतं. पुण्याच्या संमेलनात याला कुणी कविता म्हणणार नाही. नका म्हणू.

विलास गेल्यावर पटवर्धन कॅमेरा घेऊन १४ वर्षं वस्त्यावस्त्यांतून फिरले, त्यातून 'जय भीम कॉम्रेड' झाला. एका बाहेरच्या माणसानं हे केलं. आपण काय केलं? जुलै आला की बॅनर. १५ ला विलास, १६ ला विक्रोळीत २०१९ ला गेलेले राजा ढाले, १८ ला अण्णा भाऊ. सगळा जुलै आपला बॅनरवरच जातो, आणि पावसात तो बॅनरही फाटतो.

शाहिराचं गाणं छापलेलं नसतं, दोस्तांनो. ते वहीत असतं, नाहीतर कोरस धरणाऱ्यांच्या तोंडात. वह्या पाण्यात भिजल्या, झोपड्यांबरोबर गेल्या. तोंडंही आता म्हातारी झालीत. मघाशी एकजण ध्रुवपद गुणगुणला आणि पुढचं आठवेना म्हणून लाजून खाली बसला. त्यानं लाजायचं काय कारण? पुढचं कडवं शेजारच्याला येत असेल. तो शेजारचा कदाचित दुसऱ्या रंगाचा असेल, म्हणून विचारलं नाही एवढंच.

तेव्हा माझं म्हणणं असं, पुढच्या रविवारी भाषणं नकोत. हार नकोत, अध्यक्ष नको. ढोलकी आणा. ज्याला एक कडवं येतं त्यानं एक म्हणावं, ज्याला अर्धी ओळ येते त्यानं अर्धी. कुठल्या मोर्चात म्हटलं, कुठल्या गल्लीत, तेवढं सांगा. चाल चुकली तरी चालेल. वही मी आणतो, लिहून घ्यायला मी बसतो.