सरकारी खुर्ची आणि आपली बाजू

(नागपूर येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



आजच्या सत्राचा विषय ‘चळवळ आणि शासन’ असा जरा भारदस्त शब्दांत लिहिला आहे. गटचर्चेत मात्र तो सरळच आला. ज्या पोलीस ठाण्यासमोर आपण धरणे धरले, त्याच ठाण्याच्या आवारात समुपदेशक म्हणून बसायचे का? संरक्षण अधिकारी झाले तर बाईची बाजू घेता येईल का? आणि मन घेत नसले, तरी घर चालवायला ही नोकरी लागतेच, तर काय करायचे?

या प्रश्नांवर पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा बाबासाहेबांकडे जावे असे मला वाटते. नागपूरकरांना बाबासाहेब म्हटले की १९५६ चा ऑक्टोबर आणि दीक्षाभूमी आठवते. पण याच माणसाने आयुष्यात सरकारी पदे घेतली आणि त्यातल्या तीन वेळा तरी त्याची किंमत मोजली.

पहिली वेळ बडोद्याची. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेला गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार होता. त्याप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. पद मोठे होते. पण शिपाई हातात फाइल देत नसत, लांबून टाकत. राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. शेवटी बडोदा सोडावे लागले. खुर्ची मिळाली म्हणजे कचेरी बदलत नाही, हे त्यांनी विशीतच पाहिले. ठाण्यात नव्याने रुजू झालेल्या आपल्या मुलींना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वेळ १९४२ ची. त्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच महिन्यात आपल्या नागपुरात मोहन पार्कवर दलितांची अखिल भारतीय परिषद भरली आणि २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. हजारो बाया आल्या होत्या. त्यांचे ठराव आजही वाचावेत असे आहेत. बाईला घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायांना रजा आणि निवृत्तिवेतन, गिरण्यांत बायांवर देखरेखीला बायाच. म्हणजे बाबासाहेब सरकारात चालले होते, ते या बायांच्या मागण्या ऐकूनच.

पुढच्याच महिन्यात ‘चले जाव’चा लढा पेटला आणि इंग्रजांचे नोकर म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण खरी कसोटी मला दुसरीकडे दिसते. कोळसा खाणीत जमिनीखाली बायांनी काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये सरकारने ती उठवली. आपल्या मध्य प्रांतातल्या खाणीही त्यात आल्या. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. १९४४ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याची वेळ मजूर सदस्यावर, म्हणजे बाबासाहेबांवर आली. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडणारे तेच हे गृहस्थ. त्यांनी सभागृहात सांगितले की, या कामाला पुरुषाइतकीच मजुरी देण्याचे तत्त्व आम्ही घातले आहे. पुढे १९४५ मध्ये खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाली आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

हे झाकून ठेवायचे कारण नाही. समान मजुरी मिळाली म्हणून बाईला पुन्हा खाणीत उतरवणे योग्य ठरते, असे मला वाटत नाही. मात्र आत बसलेल्या माणसाची अवस्था यातून कळते. सगळे निर्णय आपल्या मनासारखे होत नाहीत, आणि तरी त्यांचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. अशा वेळी बाईच्या पदरात काय पाडून घेता आले, ते बंधन तात्पुरते ठेवता आले का, एवढे तरी विचारता येते.

तिसरी वेळ स्वतंत्र भारताची. ज्या काँग्रेसशी जन्मभर भांडले, तिच्या मंत्रिमंडळात १९४७ मध्ये ते कायदेमंत्री झाले. हिंदू कोड बिल त्यांनी हाती घेतले. घटस्फोट, एकपत्नीत्व, मुलीला वारसा, अशा मागण्या त्यात होत्या. त्यातल्या पहिल्या दोन आपल्या मोहन पार्कच्या ठरावातल्याच. चार वर्षे विधेयक रेंगाळले. सनातन्यांचा विरोध होता, पक्षातल्या पुढाऱ्यांचाही होता, आणि निवडणूक तोंडावर आली होती. सप्टेंबर १९५१ मध्ये ते बाजूला पडले आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे आणखीही होती. दलितांकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण. पण बाईच्या हक्काचा कायदा हे त्यातले मोठे कारण होते. पुढे १९५५-५६ मध्ये त्या विधेयकाचे तुकडे करून चार कायदे झाले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देशभर मिळायला २००५ साल उजाडले.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण बाईच्या बाजूने, असे ते काम होते. पुढे शासनाने ते स्वीकारले आणि राज्यभर नेले. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्यात संरक्षण अधिकारी आले. या जागा चळवळीने मागून घेतल्या आहेत. त्या रिकाम्या सोडल्या तर तिथे ‘बाई, जरा सांभाळून घे’ म्हणणाराच येऊन बसेल. म्हणून आत जायला माझा विरोध नाही.

पण जाण्याआधी तीन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. एक, मी कोणाला बांधील आहे? वरिष्ठ विचारतात, या महिन्यात किती समझोते केले? आकडा भरण्यासाठी मार खाल्लेल्या बाईला परत पाठवले, तर ती नोकरी पोलिसांची नाही, नवऱ्याची झाली. दोन, सगळे लेखी ठेवा. तोंडी दबाव आला तर नोंदवहीत तारखेसह लिहा. बाईचे म्हणणे तिच्याच शब्दांत उतरवा. कोर्टात तोच कागद बोलतो. तीन, कुठल्या कागदावर मी सही करणार नाही, हे आधीच ठरवा. ऐनवेळी भीती वाटते आणि हात सही करून जातो.

आता राजीनाम्याबद्दल. बाबासाहेबांकडे बॅरिस्टरी होती, मागे समाज उभा होता. अकरा महिन्यांच्या करारावर राबणारी, पगार थकलेली, एकटीने मुले वाढवणारी बाई राजीनामा कशाच्या जोरावर देणार? ‘तत्त्वासाठी नोकरी सोड’ हे बाहेरून सांगणे फार सोपे असते. तेव्हा ही जबाबदारी तिच्या एकटीची नाही, संघटनेचीही आहे. आत गेलेल्या मैत्रिणीला ‘सरकारी झाली’ म्हणून टोमणे मारणे बंद करू. महिन्यातून एकदा आतल्या आणि बाहेरच्या एकत्र बसू. तिच्यावर दबाव आला तर निवेदन तिच्या नव्हे, संघटनेच्या नावाने जाईल. तिची नोकरी गेली तर पुढचे काम शोधेपर्यंत तिचे घर कसे चालेल, याचा विचार आपल्या जमाखर्चात आजच व्हायला हवा.

मोहन पार्कवर जमलेल्या बायांनी ठराव केले आणि त्यांचा माणूस दिल्लीला गेला. त्या बाहेर संघटित होत्या, म्हणून आतल्या माणसाच्या शब्दाला वजन होते. दुपारच्या सत्रात या तीन सूचनांवर प्रत्येक गटाने आपले मत लिहून द्यावे, एवढी विनंती करते आणि थांबते.