21-19 : रग्बीची पुणेकर कॅप्टन

कंधारहून बोलतोय. आपल्याकडं कॅप्टन म्हटलं की क्रिकेटच आठवतं, फार तर कबड्डी. आज मात्र रग्बी. हसू नका! कबड्डीत कधी पकड केली असेल ना, तर हा खेळ तुम्हाला अर्धा आधीच कळलाय. समोरचा चेंडू घेऊन पळतोय, त्याला कमरेत धरून खाली आणायचं. मेख एकच आहे, चेंडू हातानं पुढं टाकता येत नाही. पास द्यायचा तर बाजूला नाहीतर मागं. म्हणजे जायचंय पुढं आणि साथीदार सगळे मागं.

तर वाहबिझ भरूचा. पुण्याची पारशी मुलगी, पेशानं फिजिओथेरपिस्ट आणि भारताच्या महिला रग्बी संघाची कॅप्टन राहिलेली. गुडघ्यात नेमकं काय तुटू शकतं हे ज्या बाईला पुस्तकातून पाठ आहे, तीच तिथं जाऊन धडकायची. मला तर याचंच जास्त नवल वाटतं.

2009 साली भारतानं मुलींचा पहिला संघ उतरवला, तेव्हापासूनची ती खेळाडू. तेव्हाचा खेळ सात-सात जणींचा, 14 मिनिटांत मॅच खलास. रग्बीचं मोठं रूप म्हणजे पंधरा जणींचं, 80 मिनिटांचं. त्यात भारताच्या मुलींचा संघच नव्हता. तो उभा राहायला 2018 उजाडलं. नऊ वर्षं! आपण तालमीत चार महिने गेलो आणि दंड फुगले नाहीत की घरी बसतो.

जून 2018, सिंगापूरला पहिली मॅच, समोर सिंगापूरच. हरलो. पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धा फिलिपाईन्समध्ये. तिथं चीननं तर पार धुवून काढलं. मग शेवटी पुन्हा सिंगापूर. आणि ही मॅच अटीतटीची झाली.

आता कॅप्टनचं काम काय असतं ते ऐका. पेनल्टी मिळाली की पर्याय असतात. खांबांमधून किक मारली तर 3 गुण. किंवा चेंडू बाहेर मारून पुढं सरकायचं आणि 5 गुणांच्या 'ट्राय'साठी जोर लावायचा. काय करणार ते कॅप्टननं पंचांना सांगायचं. एकदा 'खांबांवर मारतो' म्हटलं की शब्द फिरवता येत नाही, किक मारावीच लागते. मागच्या मॅचा हरलेल्या असताना, पाय दमलेले असताना, हे असं ठरवायचं.

त्या दिवशी अगदी शेवटाला पेनल्टी मिळाली. किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. चेंडू खांबांच्या मधून गेला. 21-19. पंधराच्या खेळात भारताच्या मुलींचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि सोबत कांस्यपदक.

बघा, विजयाचे गुण कॅप्टनच्या नावावर नाहीत. स्कोअरकार्डात शोधायला गेलात तर वाहबिझचं काम दिसायचंच नाही. 2009 पासून टिकून राहिली, संघ नव्हता तेव्हाही सराव सोडला नाही, याला कुठला रकाना असतो?

त्याच संघात बिहारची स्वीटी कुमारी होती, वाऱ्यासारखी पळते ती. तिच्यावर पुढच्या भागात बोलू. आणि नांदेड-लातूरकडं कुणी मुलगी रग्बी खेळत असेल तर मला मेसेज करा, मी भेटायला येतो.