गायकवृंदासाठी स्वरसंघातांची ओळख



गोव्यातील पॅरिश शाळांनी मुलांस स्वरलेखन वाचावयास शिकविले. म्हणून तेथील उपासनासंगीत पिढ्यानपिढ्या टिकले. आपल्या उमरेडच्या गायकवृंदानेही तीच वाट धरावी.

शुद्ध सप्तकातील एकाआड एक तीन स्वर एकत्र वाजविले म्हणजे स्वरसंघात, अर्थात कॉर्ड, होतो. त्यास आरंभस्वराचा अंक द्यावा: १ म्हणजे सा-ग-प, ४ म्हणजे म-ध-सा, ५ म्हणजे प-नि-रे. सप्तकाचे सातही स्वर या तिहींत सामावतात.

क्रम कानाने ओळखावा. ५ वर थांबल्यास चरण अपुरा वाटतो. तेथून १ वर येताच पुरा होतो. ४ वरून १ हा ‘आमेन’चा परिचित विसावा होय.

हे अंक गीताच्या शब्दांवर लिहून ठेवावे. वादक बदलेल, सा चढेल-उतरेल; अंक तेच राहतील, आणि वादकाबरोबर आपली गीतसेवा लोपणार नाही.